वह्यांचा गठ्ठा आणि बी.एड.ची आंतरवासिता : तुर्भ्यातल्या एका शाळेचं प्रकरण

नवी मुंबईतल्या एका बी.एड. महाविद्यालयाची द्वितीय वर्षाची छात्राध्यापिका, तुर्भ्यातली मराठी माध्यमाची एक शाळा, सहावीचा वर्ग आणि गणितातला ‘दशांश अपूर्णांक’ हा घटक, एवढ्यात हे प्रकरण घडलं. पाठ झाला, शेरा मिळाला, गुण मिळाले. त्यानंतर वर्गशिक्षिकेने मुलांच्या वह्या टेबलावर आणून ठेवल्या आणि त्या वह्यांमुळे महाविद्यालयाला आपल्या आंतरवासितेची, म्हणजे भावी शिक्षकांनी शाळेत जाऊन शिकवायला शिकण्याच्या काळाची, आखणी नव्याने करावी लागली. मी त्याच महाविद्यालयात गणिताची मेथड, म्हणजे गणित कसं शिकवायचं ते, शिकवते. नव्या शिक्षकांच्या व्यावसायिक शिक्षणाचा अभ्यासक्रम आखायला कुठून सुरुवात करावी, याचं उत्तर मला या प्रकरणात दिसतं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. शाळेचं, महाविद्यालयाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

शाळा, वर्ग आणि नियमांची चौकट

शाळा ठाणे–बेलापूर रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला आहे. मुलांचे पालक बाजार समितीत हमाली करतात, एमआयडीसीतल्या कंपन्यांत कंत्राटी कामावर जातात, भाजीची गाडी लावतात, रोजंदारीच्या कामासाठी नाक्यावर उभे राहतात. घरी कुणी वऱ्हाडी बोलतं, कुणी गोरमाटी, कुणी हिंदी. वर्ग गच्च भरलेला असतो. दिवाळीनंतर काही कुटुंबं गावाहून उशिरा परततात, तेव्हा हजेरी खाली येते आणि मग हळूहळू सावरते. अशा वर्गात शिकवायला लागणाऱ्या नव्या माणसाला केवळ विषय येऊन भागत नाही. कोणतं मूल कशामुळे अडलंय ते ओळखता यावं लागतं.

आता नियम. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं. त्यामागे न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाचा २०१२ चा अहवाल होता. तो आयोग सर्वोच्च न्यायालयाने नेमला आणि त्याचं मूळ महाराष्ट्रातल्याच अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेच्या वादात होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. नव्या विनियमांनी शाळेतल्या कामासाठी दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे ठेवले, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. आंतरवासितेला ९० टक्के उपस्थिती सक्तीची केली. एक वर्षाच्या जुन्या बी.एड.मध्ये सराव पाठांची धावपळ कशी व्हायची ते ज्यांनी अनुभवलंय, त्यांना हे १६ आठवडे म्हणजे मोठी मिळकत वाटली होती. मलाही वाटली.

आठवडे मिळाले, पण ते कशाने भरायचे हा निर्णय बराचसा विद्यापीठाकडे आणि महाविद्यालयाकडे राहिला. आमच्या महाविद्यालयात ते जुन्याच सवयीने भरले गेले. प्रत्येक मेथडचे ठरावीक पाठ, वेगवेगळ्या इयत्तांवर. सहाध्यायींच्या पाठांची निरीक्षणं, एक घटक चाचणी, एक कृती संशोधन, परिपाठ आणि सहशालेय उपक्रमांचा अहवाल. या सगळ्याची फाइल. आंतरवासितेच्या शेवटच्या आठवड्यात विद्यार्थ्यांच्या तोंडी एकच शब्द असायचा, ‘फाइल कम्प्लीट’.

पाठ

त्या छात्राध्यापिकेचा सहावीतला पाठ मेहनतीने तयार केलेला होता. ती ठाण्याहून ट्रान्स हार्बरने यायची, गाडीत उभ्या उभ्या टाचण (पाठाचा लेखी आराखडा) पुन्हा वाचायची. टाचणात प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, दृढीकरण, गृहपाठ असं सगळं जागच्या जागी होतं. ‘विद्यार्थी दोन दशांश अपूर्णांकांची तुलना करतो’ हे स्पष्टीकरण, म्हणजे पाठानंतर मुलाला काय करता यावं ते, होतं. तिने स्थानिक किमतीचा तक्ता आणला होता, अक्षर सुरेख होतं, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता.

फळ्यावर तिने उदाहरणं घेतली: २.३५ आणि २.५३, ०.४ आणि ०.७, ६.१८ आणि ६.८१, ३.९ आणि ४.१. प्रत्येक वेळी वर्गाने एका सुरात बरोबर उत्तर दिलं. निरीक्षणाला आलेल्या आमच्या सहकाऱ्यांनी शेरा लिहिला: फलकलेखन उत्तम, प्रश्न सुस्पष्ट, विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला, दृढीकरणाला थोडा अधिक वेळ द्यावा. शेऱ्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

वर्गशिक्षिका मागच्या बाकावर बसून वह्या तपासत ऐकत होत्या. गृहपाठासाठी त्यांनी टाचणातली उदाहरणं बाजूला ठेवली आणि स्वतःच्या पाच जोड्या फळ्यावर लिहून दिल्या. ०.२५ आणि ०.३. ०.६ आणि ०.४८. १.०७ आणि १.७. ५.१२५ आणि ५.२. ०.४ आणि ०.७५. सोबत एक अट घातली: ‘मोठी संख्या कोणती ते लिहा आणि का ते एका ओळीत लिहा.’

वह्या

दुसऱ्या दिवशी अर्ध्याहून अधिक वह्यांत ०.२५ ही ०.३ पेक्षा मोठी होती. कारणाच्या ओळीत बहुतेकांनी एकच गोष्ट लिहिली होती, ‘२५ मोठे आहेत ३ पेक्षा’. ५.१२५ आणि ५.२ यांतही तेच. शेवटच्या जोडीचं, म्हणजे ०.४ आणि ०.७५ चं उत्तर मात्र जवळपास सगळ्यांचं बरोबर आलं होतं, कारण तिथे चुकीच्या विचारानेही बरोबर उत्तर मिळतं. बाईंनी ती जोडी मुद्दाम घातली होती.

आता टाचणातल्या उदाहरणांकडे पुन्हा पाहा. २.३५ आणि २.५३. ०.४ आणि ०.७. प्रत्येक जोडीत दशांश चिन्हानंतरच्या अंकांची संख्या सारखीच आहे. चिन्ह झाकून नेहमीच्या पूर्ण संख्येसारखं वाचलं तरी उत्तर बरोबरच येतं. वर्ग एका सुरात बोलत होता तो पूर्ण संख्यांच्या ज्ञानावर. दशांशांचं ज्ञान त्याला लागलंच नव्हतं. वर्गशिक्षिका छात्राध्यापिकेला म्हणाल्या, “अगं, तू शिकवलंस ते बरोबरच होतं. पण तुझ्या एकाही उदाहरणात मुलांना चुकायला जागा नव्हती.”

हे वाक्य मी महाविद्यालयाच्या बैठकीत जसंच्या तसं मांडलं. गणित शिक्षणाच्या संशोधनात ही चूक जगभर नोंदली गेली आहे: जास्त अंक म्हणजे मोठी संख्या, हा पूर्ण संख्यांचा नियम मुलं दशांशांना लावतात. आमच्या मेथडच्या पुस्तकी भागात ती येतेही. पण छात्राध्यापिकेने ती परीक्षेसाठी वाचली होती, तिच्या वर्गातल्या वहीत कधी शोधली नव्हती. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये विषयज्ञान आणि अध्यापनज्ञान यांच्या मधल्या ज्या खास ज्ञानाकडे लक्ष वेधलं, ते नेमकं हेच. विषय मुलांना कुठे अवघड जातो, ते कोणती समजूत घेऊन येतात, आणि ती समजूत उघडी पडेल असं उदाहरण कोणतं, हे शिक्षकाला माहीत असणं. त्या दिवशी हे ज्ञान वर्गशिक्षिकेकडे होतं आणि गुणदान मात्र आमच्याकडे होतं.

पुढच्या दिवशी मी वर्गात बसले. बाईंनी एका मुलाला जवळ बोलावलं. त्याच्या वडिलांची भाजीची गाडी आहे आणि संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक काट्यावर हाच बसतो.

“०.२५० आणि ०.३००, मोठं कोणतं?”

“तीनशे, टीचर. तीनशे ग्राम.”

“आणि ०.२५ आणि ०.३?”

“पंचवीस.”

त्याला काटा वाचता येतो. काटा नेहमी दशांश चिन्हानंतर तीन अंक दाखवतो, त्यामुळे अंकांची संख्या वेगळी असण्याचा प्रसंगच त्याच्यावर येत नाही. तो चिन्ह सोडून देतो आणि ग्राम वाचतो, आणि त्याचा व्यवहार कधी चुकत नाही. ‘दैनंदिन जीवनाशी सांगड घाला’ असं आम्ही टाचणाच्या सूचनेत लिहितो. इथे दैनंदिन जीवनच चुकीच्या समजुतीला टेका देत होतं. दुसऱ्या एका वहीत संख्यारेषेवर ४.५ नंतर थेट ५ लिहिलेला दिसला. त्या मुलाने सांगितलं की ४.५ नंतर एकच बॉल उरतो, मग ओव्हर संपते. नेरुळच्या स्टेडियममध्ये सामना असला की सगळा परिसर ज्या आकड्यांत बोलतो, त्यात ४.५ म्हणजे चार षटकं आणि पाच चेंडू. ती दशमान पद्धत नाहीच. हे मुलाला सांगावं लागतं, आणि सांगण्याआधी शिक्षकाला ते सुचावं लागतं.

छात्राध्यापिकेने आपण होऊन आणखी एक तासिका मागितली. शंभर चौकोनांची जाळी घेऊन तिने ०.३ आणि ०.२५ रंगवून घेतले. ३० चौकोन आणि २५ चौकोन मुलांना डोळ्यांनी दिसले. शेवटी तिने नियम सांगितला, ‘अंक जास्त म्हणून संख्या मोठी असं समजायचं नाही’. त्यानंतरच्या वह्यांत ०.२५ आणि ०.३ चं उत्तर सुधारलं. पण आधी बरोबर आलेली शेवटची जोडी आता बऱ्याच जणांची चुकली. ०.४ मोठा, कारण ‘दशांश शतांशापेक्षा मोठा असतो’. एक समजूत सुटली आणि तिच्या जागी उलटी समजूत बसली. हीदेखील संशोधनात नोंदलेली अवस्था आहे आणि ती तशी शुभ खूण आहे, कारण मूल आता स्थानिक किमतीचा विचार करायला लागलेलं असतं. पण त्याला तिथून पुढे न्यावं लागतं, आणि त्यासाठी त्याच शिक्षिकेने त्याच वर्गात आणखी काही दिवस राहावं लागतं.

तेवढे दिवस तिच्याकडे नव्हते. वेळापत्रकाप्रमाणे तिचा पुढचा पाठ आठवीवर होता, विषय वेगळा, निरीक्षक वेगळे. सहावीतला पाठ ‘झाला’ होता.

रचनेत हे कुठून आलं

कोणाच्या आळसामुळे हे घडलं नाही. मुलगी कष्टाळू होती, सहकारी प्रामाणिक होते, शाळा सहकार्य करणारी होती. म्हणूनच मला हे रचनेचं प्रकरण वाटतं.

पाठ हे मोजमापाचं एकक आपण कुठून घेतलं ते पाहायला हवं. सूक्ष्म अध्यापन (काही मिनिटांच्या छोट्या पाठांचा सराव) १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलं. भारतात ते १९७० च्या दशकात, मुख्यतः बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या कामातून रुजलं. आपल्याकडचं चक्र ३६ मिनिटांचं: ६ मिनिटं अध्यापन, ६ प्रत्याभरण (अभिप्राय), १२ पुनर्नियोजन, ६ पुनर्अध्यापन आणि ६ पुनर्प्रत्याभरण. प्रश्न विचारण्याचं, फलकलेखनाचं, प्रबलनाचं (मुलांना उत्तेजन देण्याचं) एकेक कौशल्य सुटं करून सराव करायला ही पद्धत चांगली आहे आणि ती काढून टाकावी असं मी म्हणत नाही. अडचण अशी झाली की सुटी कौशल्यं पाहायची नजर आंतरवासितेतही तशीच राहिली. निरीक्षण तक्त्यातली प्रत्येक ओळ शिक्षकाच्या हालचालीविषयी होती. मुलाच्या वहीसाठी एकही ओळ नव्हती. जे तक्त्यात नाही ते निरीक्षकाने पाहावं अशी अपेक्षा तरी कशी करणार?

त्यात निरीक्षकाचा वेळ. आमचे विद्यार्थी दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या शाळांत विखुरलेले असतात. एक प्राध्यापक सकाळी घणसोलीत एक पाठ पाहतो, मधल्या सुट्टीनंतर कोपरखैरण्यात दुसरा. त्याला वर्गाचा काल माहीत नसतो आणि उद्या दिसणार नसतो. त्याने ३५ मिनिटांवर गुण द्यायचे. वर्गशिक्षिका रोज तिथे असते, पण आमच्या कागदावर तिला फक्त उपस्थितीच्या तक्त्यावर सही करायची जागा होती.

शाळेची बाजूही सांगायला हवी. शिक्षक रजेवर असले, निवडणुकीच्या कामावर असले, शालेय पोषण आहाराच्या हिशेबात अडकले की तास मोकळे पडतात. तेव्हा छात्राध्यापक हाताशी असतात. मुख्याध्यापक त्यांना बदली तासावर पाठवतात. आमच्याकडे याबद्दल कुरकुर व्हायची, पण शाळेने दुसरं काय करावं? महाविद्यालय शाळेकडे वर्ग मागतं, वेळ मागतं, आणि बदल्यात शाळेला काय देतं याचं उत्तर करारपत्रात कुठे नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला अधिक खोलची वाटते. शिक्षक व्हायला येणारा प्रत्येक जण आधी पंधरा-सोळा वर्षं विद्यार्थी म्हणून वर्गात बसलेला असतो. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये दाखवून दिलं की शिकवणं म्हणजे काय याची कल्पना माणूस तिथेच, बाकावरून पाहून बनवतो. बाकावरून शिक्षकाचं बोलणं दिसतं, फळा दिसतो, रागावणं दिसतं. शिक्षक रात्री वह्या तपासताना काय विचार करतो, उद्याचं उदाहरण का बदलतो, हे दिसत नाही. मग प्रशिक्षणाने नेमका हा न दिसलेला भाग दाखवायला हवा. आमचा पाठ मात्र पुन्हा बाकावरून दिसणाऱ्या भागाचाच सराव करून घेत होता.

नवी आखणी

बैठका बऱ्याच झाल्या आणि सगळ्या सुखाच्या नव्हत्या. मी मांडलेला प्रस्ताव असा होता: दुसऱ्या वर्षाच्या आंतरवासितेत प्रत्येक छात्राध्यापकाने प्रत्येक मेथडमध्ये एक पूर्ण घटक एकाच वर्गावर शिकवावा. घटक सुरू होण्याआधी मुलांना काय येतं ते लिहून घ्यावं, मधल्या काळात वह्या पाहून पुढची तासिका ठरवावी, शेवटी पुन्हा लिहून घ्यावं. गुण देताना टाचणाइतकंच वजन या वह्यांच्या गठ्ठ्याला आणि त्यावरच्या तोंडी चर्चेला असावं. चर्चेला वर्गशिक्षक समोर बसलेला असावा आणि अंतर्गत गुणांत त्याचा वाटा असावा.

पहिला आक्षेप एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घेतला, आणि तो रास्त होता. वेगवेगळ्या इयत्तांचा अनुभव कमी होईल. नोकरी लागेल तेव्हा पाचवी मिळेल की दहावी, सांगता येत नाही. यावर तडजोड झाली: पहिल्या वर्षीच्या ४ आठवड्यांत विविध इयत्तांचं निरीक्षण आणि छोटे पाठ, दुसऱ्या वर्षी एका वर्गाला चिकटून राहणं. सुटे पाठ कमी झाले, पूर्ण गेले नाहीत, कारण विद्यापीठाच्या नियमात त्यांची किमान संख्या होती आणि ती बदलणं एका महाविद्यालयाच्या हातात नसतं. ते काम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचं.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या मेथडकडून आला. गणितात चूक वहीत दिसते. इतिहासात काय पाहायचं? या प्रश्नावर आम्ही बरेच अडकलो. शेवटी त्या प्राध्यापिकांनीच वाट काढली. मुलांना एकाच घटनेची दोन कारणं लिहायला सांगायची आणि ती कारणं पुस्तकातल्या ओळी आहेत की मुलाने जोडलेला संबंध आहे, ते पाहायचं. मराठीच्या मेथडला फार विचार करावा लागला नाही. मामाला लिहिलेली पत्रं गठ्ठ्याने वाचली की गाइडमधलं पत्र कोणतं आणि मुलाचं पत्र कोणतं ते पहिल्या ओळीतच कळतं, आणि मग ‘पत्रलेखन शिकवलं’ म्हणजे काय शिकवलं हा प्रश्न आपोआप उभा राहतो. विज्ञानाने विद्युत परिपथ घेतला: बल्बमध्ये वीज ‘संपते’ असं मुलं समजतात, त्यामुळे दोन बल्ब जोडल्यावर पहिला अधिक प्रकाशेल असं भाकीत करतात. हे भाकीत आधी वहीत लिहून घ्यायचं, मग बल्ब पेटवायचे.

तिसरा मुद्दा मुख्याध्यापकांचा. पूर्ण घटक नवख्याच्या हाती दिला आणि घटक चाचणीत मुलं मागे पडली तर पालकांना काय सांगायचं? त्यांनी अट घातली की वर्गशिक्षिका वर्गात हजर राहतील आणि गरज वाटली तर मध्येच तास हाती घेतील. आम्हाला हेच तर हवं होतं. पण मग त्या मोकळ्या कधी होणार? छात्राध्यापिकेसोबत बसून उद्याचं उदाहरण ठरवायला त्यांना आठवड्यातून निदान दोन तासिका लागत होत्या. शाळेच्या वेळापत्रकात त्या काढून देणं मुख्याध्यापकांना जड गेलं. बदली तासांचा हिशेब करून त्यांनी त्या दिल्या: छात्राध्यापकांनी घेतलेल्या मोकळ्या तासांच्या बदल्यात मार्गदर्शक शिक्षकांना दोन तासिका. देवाणघेवाण स्वच्छ कागदावर आली आणि कुरकुर थांबली.

निरीक्षण तक्ता बदलायला सर्वात कमी वेळ लागला. जुन्या ओळींतल्या निम्म्या ठेवल्या आणि तीन प्रश्न जोडले: मुलांची कोणती समजूत तुम्हाला आज कळली, ती कोणत्या वहीत दिसते, आणि उद्या तुम्ही काय बदलणार. छात्राध्यापकाने हे आधी भरायचं, निरीक्षकाने नंतर.

पुढच्या तुकडीत काय झालं

सगळीकडे सारखं जमलं नाही. तुर्भ्याच्या शाळेत ते चांगलं चाललं, कारण तिथली वर्गशिक्षिका तशी होती. सहावीच्या त्याच घटकासाठी आलेल्या पुढच्या छात्राध्यापकाने पहिल्याच दिवशी असमान अंकांच्या जोड्या दिल्या, वह्या घेतल्या, आणि काट्याचा प्रश्न थेट वर्गात आणला: काटा ०.३ का दाखवत नाही, ०.३०० का दाखवतो? त्यावर मुलांची चर्चा रंगली. भाजीच्या गाडीवर बसणारी मुलं त्या दिवशी वर्गाला समजावून सांगत होती. नियम त्याने सांगितलाच नाही, मुलांकडून लिहून घेतला. तरीही काही वह्यांत चूक शिल्लक होती आणि तोंडी चर्चेत त्याने त्या वह्या स्वतः पुढे केल्या. मार्गदर्शक म्हणून मला त्याच्या टाचणापेक्षा ही गोष्ट अधिक मोलाची वाटली.

दुसऱ्या एका शाळेत मार्गदर्शक शिक्षक आंतरवासितेच्या मध्यातच निवडणुकीच्या कामाला लागले आणि छात्राध्यापिका एकटी पडली. तिच्या गठ्ठ्यात वह्या होत्या, पण त्यांच्याकडे कसं पाहायचं हे सांगणारं कुणी जवळ नव्हतं. तिने फक्त बरोबर-चूक मोजून तक्ता केला. तिसरीकडे शिक्षकांनी आढेवेढे घेतले. ‘आमच्या वर्गाच्या वह्या महाविद्यालयात कशाला?’ या प्रश्नामागची भीती समजण्यासारखी आहे. मुलांच्या चुका म्हणजे आपल्या शिकवण्यावरचा ठपका असं शिक्षकांना वाटतं, आणि अधिकाऱ्यांच्या भेटींनी त्यांना तसंच वाटायला शिकवलं आहे. त्यामुळे आम्ही मुलांची आणि शाळेची नावं झाकून वह्यांच्या प्रती घ्यायचा नियम केला, आणि त्या पाहायला बोलावताना पहिली खुर्ची त्या शिक्षकांना दिली.

सहावीतला तो पहिला पाठ देणारी मुलगी पुढे एका खासगी शाळेत लागली. तिला पहिल्याच आठवड्यात पूर्ण वेळापत्रक मिळालं, वीस वर्षं शिकवणाऱ्या शिक्षकाला असतं तेवढंच, शिवाय वर्गशिक्षकपद. वह्या ती आठवड्यातून एकदा बघते. रोज बघायला वेळ उरत नाही. इथे मला आपल्या आखणीतलं सर्वात मोठं भगदाड दिसतं. आपल्याकडे अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत २००० पासून शिक्षण सेवक योजना आहे, तीन वर्षं ठरावीक मानधनावर. २०२३ मध्ये ते मानधन वाढून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये झालं. ही तीन वर्षं शिकण्याची म्हणून वापरता आली असती, पण त्यात कामाचा भार कमी नाही आणि मार्गदर्शकही नाही; फरक आहे तो पगाराचा. स्कॉटलंडने २००२ पासून नव्या शिक्षकाला पहिलं वर्ष हमखास जागा, कमी तासिका आणि नेमून दिलेला मार्गदर्शक दिला. इंग्लंडमध्ये २०२१ पासून पहिल्या वर्षी १० टक्के आणि दुसऱ्या वर्षीही ५ टक्के तासिका कमी असतात. तिथल्या सगळ्या अडचणी सुटल्या असं नाही, पण पहिल्या वर्षाच्या शिक्षकाला वेळ लागतो हे तिथल्या नियमाने मान्य केलं आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. अभ्यासक्रम २०३० पर्यंत किमान पात्रता व्हावी असं म्हटलं आहे, आणि चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.ची वाटही ठेवली आहे. या दोन्हींची आखणी ज्या टेबलांवर होईल तिथे तुर्भ्याच्या वह्या असाव्यात असं मला मनापासून वाटतं. चार वर्षं मिळाली तर पहिल्या वर्षापासून एका शाळेशी नातं जोडता येईल. एकच वर्ष मिळालं तर आधी काय कापलं जाईल याची मला धास्ती आहे: सैद्धांतिक पेपर राहतील, पाठांची संख्या राहील, आणि एका वर्गाला चिकटून राहण्याचे आठवडे जातील. शिवाय सेवापूर्व शिक्षण विद्यापीठाकडे आणि सेवांतर्गत शिक्षण जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे, अशी जी वाटणी आहे तीत नव्या शिक्षकाचं पहिलं वर्ष कुणाच्याच हद्दीत येत नाही. केंद्राच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत महाविद्यालयाच्या प्राध्यापकाने जाऊन बसावं, आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या वह्या तिथे वाचाव्यात, यासाठी कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही.

महाविद्यालयाने अभ्यास मंडळाकडे पाठवायच्या निवेदनात तीन गोष्टी मागितल्या आहेत: सुट्या पाठांची किमान संख्या कमी करावी, एका घटकाच्या कामाला स्वतंत्र गुण द्यावेत, आणि मार्गदर्शक शिक्षकाला अंतर्गत परीक्षक म्हणून मान्यता द्यावी. तिसऱ्या मागणीवर सर्वाधिक चर्चा झाली, कारण तिच्यासोबत मानधनाचा प्रश्न येतो. तुर्भ्याच्या वर्गशिक्षिकेला मी याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी पैशांचा विषय बाजूला ठेवला आणि त्या दोन तासिका वेळापत्रकात कायम राहतील का, एवढंच विचारलं. या वर्षी शाळांना गेलेल्या पत्रात म्हणूनच वर्गांच्या मागणीआधी त्या दोन तासिकांची विनंती आहे. काही शाळांनी होकार कळवला आहे, काहींचं उत्तर यायचं आहे.